शायर कालगणना

शायर कालगणना : जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांनी कल्पिलेल्या ‘मिडल-अर्थ’ या जगातील शायर प्रांतात राहणाऱ्या हॉबिट या ठेंगण्या लोकांची वर्षगणना आणि तिच्याभोवतीचे सण. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या खंडाला (१९५५) जोडलेल्या ‘डी’ परिशिष्टात तिची मांडणी आहे. कथेत मात्र सप्टेंबर, ऑक्टोबर अशी ओळखीचीच नावे येतात. आपण एका जुन्या हस्तलिखिताचा अनुवाद करत आहोत, असा बहाणा लेखकाने शेवटपर्यंत सांभाळला आहे. त्या नादात त्याने महिन्यांचाही अनुवाद करून टाकला. खरी नावे परिशिष्टापर्यंत टिकून राहणाऱ्या वाचकालाच कळतात.

हॉबिट लोक ब्रँडीवाइन नदी ओलांडून शायरमध्ये वसले, ते मिडल-अर्थच्या इतिहासातील तिसऱ्या युगाचे १६०१ वे वर्ष. तेच शायर सन १. त्यामुळे युगाच्या वर्षातून १६०० वजा केले की शायर सन मिळतो. वर्षाचे महिने १२ आणि सगळे ३० दिवसांचे. उरलेले पाच दिवस कोणत्याच महिन्यात मोडत नाहीत. त्यांतले दोन ‘यूल’चे : पहिला यूल हा वर्षाचा अखेरचा दिवस आणि दुसरा यूल हा नव्या वर्षाचा पहिला. बाकीचे तीन ऐन उन्हाळ्यात, सहाव्या आणि सातव्या महिन्यांच्या मध्ये येतात : पहिला लाइथ, मध्यवर्षदिन आणि दुसरा लाइथ. दर चौथ्या वर्षी (शतकाचे शेवटचे वर्ष सोडून) मध्यवर्षदिनानंतर ‘ओव्हरलाइथ’ नावाचा एक जादा दिवस धरतात.

इथवर यात फार नवे काही नाही. तीस दिवसांचे बारा महिने आणि वर पाच दिवस ही व्यवस्था प्राचीन इजिप्तमध्ये होती, क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्येही होती. हॉबिटांची खरी करामत वारांत आहे. तिसऱ्या युगाला ३६५ दिवसांच्या वर्षाची जुनीच अडचण होती : ५२ आठवडे झाले की एक दिवस उरतो आणि वार पुढे सरकतो. दुसरा इसेनग्रिम या शायरप्रमुखाच्या काळात शायरकरांनी यावर उपाय काढला, की मध्यवर्षदिनाला वारच द्यायचा नाही. ओव्हरलाइथलाही नाही. मग वर्षाचे वार असलेले दिवस उरले ३६४, म्हणजे पुरते ५२ आठवडे. प्रत्येक वर्ष शनिवारी सुरू होते, शुक्रवारी संपते आणि अमुक तारखेला अमुक वार हे कायमचे ठरून जाते. भिंतीवरचे कॅलेंडर दरवर्षी बदलायला नको. पत्रांत आणि रोजनिशीत वार लिहिण्याची पद्धतही मग शायरमध्ये मागे पडली.

या हिशेबात कोणताही महिना शुक्रवारी सुरू होत नाही. त्यामुळे ‘एक तारखेच्या शुक्रवारी’ म्हणजे कधीच नाही, डुकरे उडू लागतील तेव्हा, अशी थट्टा शायरमध्ये रूढ झाली. लेखकाने हे नुसते सांगून सोडलेले नाही. कथेच्या आरंभीची वाढदिवसाची प्रसिद्ध मेजवानी २२ सप्टेंबरला, गुरुवारी होते. बोटांवर मोजून पाहावे : नवव्या महिन्याची पहिली तारीख गुरुवारीच पडते, म्हणजे बाविसावीही गुरुवारीच.

असे बिनवाराचे दिवस प्रत्यक्षातही सुचवले गेले होते. ‘जागतिक दिनदर्शिका’ या प्रस्तावात वर्षअखेरचा एक आणि लीप वर्षातला एक असे दोन दिवस वाराविना ठेवायचे होते. भारताने १९५३ मध्ये तो संयुक्त राष्ट्रांपुढे नेला आणि आपल्या पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष मेघनाद साहा यांनी त्याची बाजू मांडली. सात दिवसांच्या धार्मिक आठवड्याची साखळी तुटेल हा त्यावरचा मोठा आक्षेप होता; १९५५ मध्ये अमेरिकेनेही नकार दिला आणि प्रकरण तिथेच थांबले. शायरमध्ये अशी अडचण नव्हती, कारण तिथे प्रार्थनेचा वारच नव्हता.

महिन्यांची नावे क्रमाने अशी : आफ्टरयूल, सोलमाथ, रेथ, अ‍ॅस्ट्रॉन, थ्रिमिज, फोरलाइथ, आफ्टरलाइथ, वेडमाथ, हॅलिमाथ, विंटरफिल्थ, ब्लॉटमाथ आणि फोरयूल. ती हवेतून आलेली नाहीत. टॉल्किन १९२५ ते १९४५ या काळात ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते, आणि बीड (जिल्हा नव्हे, आठव्या शतकातला इंग्लंडचा विद्वान भिक्षू) याने ७२५ च्या सुमारास कालगणनेवरील ग्रंथात नोंदवलेले जुने इंग्रजी महिने त्यांच्या हाताशी होते. थ्रिमिज म्हणजे गाई दिवसातून तीनदा पिळायचा महिना, वेडमाथ तणाचा, ब्लॉटमाथ जनावरे बळी देण्याचा. बीडने नोंदवलेले हे महिने चांद्र होते. सौर वर्षाशी मेळ घालण्यासाठी काही वर्षी उन्हाळ्यातल्या दोन ‘लिथा’ महिन्यांना जोडून तिसरा ‘लिथा’ घालत आणि त्या वर्षाला ‘थ्रिलिथी’ म्हणत. हा सरळ आपला अधिकमास, तोही नेमका आषाढाच्या आसपासचा. टॉल्किन यांनी त्या अख्ख्या महिन्याचा एक दिवस केला, तोच ओव्हरलाइथ.

विंटरफिल्थ या नावावरून शेजारच्या ब्री गावचे लोक शायरच्या चिखलाची चेष्टा करत, कारण ‘फिल्थ’ म्हणजे घाण. शायरकरांचे उत्तर असे, की हा शब्द भरण्याचा, वर्ष पुरे होण्याचा आहे. पूर्वी आपले नवे वर्ष सुगीनंतरच लागत असे. व्युत्पत्तीवरून दोन गावांत जुंपलेली ही कुरबुर मला साऱ्या परिशिष्टातला सर्वांत खरा तपशील वाटतो.

सण मोजके आहेत, पण मनसोक्त. यूल सहा दिवस चालतो : सरत्या वर्षाचे शेवटचे तीन आणि नव्याचे पहिले तीन. लाइथच्या दिवसांत व्हाइट डाउन्सच्या टेकड्यांवर जत्रा भरते आणि दर सात वर्षांनी तिथेच शायरच्या महापौराची निवड होते. या महापौराचे काम जवळजवळ एकच : सणांच्या मेजवान्यांत अध्यक्षस्थानी बसणे. दर शुक्रवारी दुपारनंतर सुट्टी आणि संध्याकाळी जेवणावळी असतात. शुक्रवार मुळात दैवी शक्तींचा वार. हॉबिटांना त्याचा अर्थ आठवत नव्हता, सुट्टी तेवढी आठवत होती. वाढदिवसाला भेटी घ्यायच्या नसतात, द्यायच्या असतात. ओव्हरलाइथ हा विशेष मौजेचा दिवस. कथेच्या ओघात तो येतो एकदाच, शायर सन १४२० मध्ये, आणि अफाट पिकाच्या त्या वर्षीचा जल्लोष कोणाच्याही आठवणीत नव्हता इतका मोठा झाला, असे परिशिष्ट सांगते.

चंद्राला या गणनेत जागाच नाही. तो मान मिडल-अर्थमधल्या दुसऱ्या एका जमातीकडे, बुटक्यांकडे (ड्वार्फ) गेला : शरदातला अखेरचा चंद्र आणि सूर्य एकाच वेळी आकाशात दिसले, तर तो त्यांचा ‘ड्युरिन दिन’. तो पुन्हा कधी येईल हे आधी काढण्याची विद्या मात्र ते गमावून बसले होते.

कथेतले मोठे युद्ध संपल्यावर दक्षिणेच्या गॉन्डोर राज्यात नवे वर्ष २५ मार्चला धरू लागले. शायरने ते स्वीकारले नाही. तिथे फक्त नव्या तिथ्यांची भर पडली. शायरलगतच्या बकलंडमध्ये दर २ नोव्हेंबरला सूर्यास्ताच्या वेळी शिंग फुंकतात, मग होळ्या पेटतात आणि पंगती बसतात. पश्चिमेकडे ६ एप्रिलला नाच असतो. कोणी म्हणते तो कथेतल्या हॉबिट नायकांपैकी एक असलेल्या म्हाताऱ्या सॅमचा वाढदिवस, कोणी म्हणते त्या दिवशी १४२० साली त्याने लावलेले सोनेरी झाड पहिल्यांदा फुलले, आणि कोणी म्हणते तो एल्फ लोकांचा वर्षारंभ.