जहाजबांधणी उद्योगाची स्पर्धाक्षमता आणि तंत्रज्ञान

ठरल्या मुदतीत, अपेक्षित दर्जाची आणि इतर देशांच्या तोडीच्या किमतीची जहाजे बांधून जागतिक बाजारातील मागण्या मिळवण्याची एखाद्या देशाच्या जहाजबांधणी उद्योगाची क्षमता. जहाजमालक जहाज कोणत्याही देशात बांधून घेऊ शकतो, त्यामुळे संरक्षण देऊन हा उद्योग जगवता येतो, स्पर्धाक्षम करता येत नाही. अमेरिकेच्या १९२० च्या जोन्स कायद्याने देशांतर्गत बंदरांमधील मालवाहतूक देशी बांधणीच्या जहाजांसाठी राखून ठेवली; कारखाने टिकले, परंतु त्यांची मालवाहू जहाजे पूर्व आशियातील जहाजांपेक्षा कित्येक पट महाग पडतात.

देशोदेशींची तुलना केवळ टनभाराने, म्हणजे जहाजांच्या आकारमानाच्या मापाने, केल्यास फसवी ठरते, कारण प्रवासी जहाजाच्या प्रत्येक टनामागे तेलवाहू जहाजापेक्षा कितीतरी अधिक काम असते. म्हणून कामाच्या प्रमाणात भारित केलेला टनभार धरतात आणि त्याच्या एका टनामागे लागणाऱ्या मनुष्यतासांवरून उत्पादकता मोजतात.

पोलादी पत्रे रिव्हेट म्हणजे धातूच्या खिळ्यांनी जोडण्याच्या काळात कसबी कारागिरांच्या बळावर ब्रिटनचे वर्चस्व होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेल्डिंग आणि सुटे भाग आधी तयार करून जोडण्याची पद्धत यांच्या साहाय्याने २,७०० हून अधिक ‘लिबर्टी’ जहाजे बांधली. मात्र थंड पाण्यात काहींचे पोलाद ठिसूळ होऊन तडकले. युद्धानंतर ही पद्धत जपानमधील कुरे येथील जुन्या नौदल गोदीत एका अमेरिकी कंपनीमार्फत पोहोचली. जपानी अभियंत्यांनी जहाजाचे मोठे ब्लॉक छपराखाली बांधून, नळ व तारांचे कामही त्यांत आधीच उरकून, मग ते गोदीत जोडण्याचे तंत्र काटेकोर केले. गोदी ही कारखान्यातील सर्वांत महागडी जागा असल्याने जहाज तिच्यात जितके कमी दिवस अडकून राहील तितका खर्च घटतो. १९५६ मध्ये जपानने ब्रिटनला मागे टाकले.

यंत्रसामग्री आधुनिक असली म्हणजे भागले, असे मात्र नाही. १९६३ मध्ये सुरू झालेला स्वीडनमधील आरेन्दाल कारखाना जगातील अत्याधुनिक कारखान्यांत गणला जाई. १९७३ च्या तेलसंकटानंतर मागणी कोसळली आणि त्या दशकाअखेर स्वीडनचा हा सारा उद्योग सरकारी मदतीवर येऊन पडला. तेथील माल्मे शहरातली प्रचंड क्रेन २००२ मध्ये अवघ्या एका डॉलरला दक्षिण कोरियाच्या उल्सान येथील कारखान्याने घेतली.

आराखड्यांवरील मालकी हा वेगळा प्रश्न आहे. द्रवरूप नैसर्गिक वायू सुमारे उणे १६२ अंश सेल्सियसला वाहून नेणाऱ्या जहाजांच्या बांधणीत दक्षिण कोरिया अग्रेसर असला, तरी त्यांतील पातळ पडद्याच्या टाक्यांचे तंत्र प्रामुख्याने एका फ्रेंच कंपनीचे असून प्रत्येक जहाजामागे तिला स्वामित्वशुल्क द्यावे लागते. कोरियाने स्वतःची टाकी विकसित केली. पण २०१८ मध्ये ती बसवलेल्या दोन जहाजांत टाकीबाहेरचे पोलाद प्रमाणाबाहेर थंड पडू लागले आणि ती जहाजे सेवेतून काढावी लागली.