चॅलेंजर खेळायचीय? नाव देण्याआधी एवढं बघा

बालेवाडीला चॅलेंजर होणार असं कानावर आलं, की कोल्हापुरातले पालक विचारायला लागतात, "फॉर्म कुठं मिळतो?" असा फॉर्म नसतो. एटीपी ही पुरुषांचं व्यावसायिक टेनिस चालवणारी संघटना, आणि चॅलेंजर ही तिच्या स्पर्धांची दुसरी फळी. 50, 75, 100, 125 आणि 175 हे तिचे दर्जे, विजेत्याला तेवढेच गुण. एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये साधारणपणे 32 जण, त्यातले 6 पात्रता फेरीतून वर आलेले. प्रवेश जवळपास सगळा जागतिक रँकिंगवर. 2024 ला पुण्यात जिंकलेल्या व्हॅलेंटिन वाशेरोनं पुढच्याच वर्षी शांघाय मास्टर्स ही वरच्या फळीतली मोठी स्पर्धा जिंकली, म्हणजे तिथं कुठल्या ताकदीचे खेळाडू उतरतात ते लक्षात घ्या.

त्यामुळं सुरुवात करायची ती आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, एम15 आणि एम25 या खालच्या पायरीवरच्या स्पर्धांपासून. वय किमान 14 हवं. एम15 जिंकली तर 15 एटीपी गुण, एम25 जिंकली तर 25. हे गुण साठले की मग चॅलेंजरच्या पात्रता फेरीचं बोलायचं. ज्युनिअर क्रमवारीत वर्षअखेर जगात पहिल्या 20 मध्ये असलेल्यांना चॅलेंजरमध्ये राखीव संधी मिळते, पण तिथवर पोहोचणारे विरळाच.

आयटीएफसाठी आयपिन, म्हणजे खेळाडूचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो. नोंदणी ऑनलाइन, फी भरायची, झालं. अडतं ते नावावर. शाळेच्या दाखल्यावर "पाटील शुभम संजय", आधारवर "शुभम संजय पाटील", आणि घाईत आयपिनवर नुसतंच "शुभम पाटील". स्पर्धेच्या ठिकाणी ओळख पटवायला पासपोर्ट लागतो. म्हणून आधी पासपोर्ट काढा, पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रामुळं ते काम आता कोल्हापुरातच होतं. मग त्यावर आडनावाच्या आणि नावाच्या रकान्यात जे छापलंय, तेच अक्षर न् अक्षर आयपिनवर भरा. चुकलं तर घाबरून दुसरा आयपिन अजिबात काढू नका. आहे त्याच खात्यात दुरुस्ती मागा. सट्टेबाजी आणि मॅच फिक्सिंगविरोधातला ऑनलाइन अभ्यासक्रमही सक्तीचा आहे, तो शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

आता तारीख. चांगली खेळणारी पोरं इथं हकनाक बाद होतात. आयटीएफची प्रवेशाची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या 18 दिवस आधीच्या गुरुवारी, ग्रीनिच वेळेनुसार दुपारी 2 ला संपते. आपल्याकडं तेव्हा संध्याकाळचे साडेसात. स्पर्धा सोमवारी 23 तारखेला असेल तर गुरुवार 5 तारीख. "गुरुवार म्हणजे रात्री बारापर्यंत" असं धरून प्रॅक्टिस उरकून घरी येऊन लॅपटॉप उघडला, तर पान बंद झालेलं असतं. नाव मागं घ्यायची मुदत त्यानंतरच्या मंगळवारी, म्हणजे 10 तारखेला, त्याच वेळेला. ती उलटल्यावर माघार घेतली तर दंड बसू शकतो. एटीपीचं घड्याळ वेगळं, ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं. तिथली दुपार म्हणजे आपली रात्र, आणि उन्हाळ्यात ते घड्याळ एक तास सरकतं. दर स्पर्धेची फॅक्टशीट, म्हणजे माहितीपत्रक, उघडून वेळ बघा, मागच्या वेळेची धरू नका.

वाइल्ड कार्ड, म्हणजे रँकिंग न बघता दिलेले थेट प्रवेश, मोजकी असतात आणि ती आयोजक देतात. राज्य लॉन टेनिस संघटनेकडं निकालांसह लेखी विनंती करा, तीही लवकर. कुणाच्या तोंडी शब्दावर विसंबून बाकीची तयारी थांबवू नका, फार वाईट वाटतं नंतर.

परदेशी खेळायचं तर व्हिसा हीच खरी अडचण. कुणाला प्रवेश मिळाला ती स्वीकृती यादी लागते स्पर्धेच्या जेमतेम अडीच-तीन आठवडे आधी, आणि युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला अर्ज दिल्यापासून साधारण 15 दिवस धरतात. अपॉइंटमेंट मिळायला लागणारे दिवस त्यात धरलेले नाहीत, शिवाय त्यासाठी पुण्याला किंवा मुंबईला जावं लागतं. यादी आधी की व्हिसा आधी, या पेचातून खेळाडूला सोडवणारी सोय कुणी केलेली नाही, आणि ती व्हायला हवी. तोवर एकेका स्पर्धेऐवजी एकाच भागातल्या सलग तीन-चार स्पर्धा ठरवून त्यांच्यासाठी एकच अर्ज करणं बरं पडतं. निमंत्रणपत्र आयोजकांना मेल करून मागावं लागतं, आपणहून क्वचितच येतं.

यादीत अल्टरनेट, म्हणजे प्रतीक्षेत, असाल तरी जा, ऐनवेळी जागा सुटतात. फक्त साइन-इनच्या, म्हणजे स्पर्धेच्या ठिकाणी हजेरी नोंदवायच्या, दिवशी पहाटे निघू नका, आदल्या दिवशीच पुणे गाठा. खंबाटकी घाटात गाडी अडकली म्हणून साइन-इनची वेळ कुणी वाढवत नाही. आणि मूळ पासपोर्ट बरोबर घ्या, झेरॉक्स चालत नाही.