तळ्याचा सामू दोन वेळा का मोजावा?

अंगणातल्या छोट्या तळ्याचा सामू, म्हणजेच पीएच, भर दुपारी मोजला आणि तो ९ आला, तर घाबरून आम्ल ओतू नका. तोच सामू दुसऱ्या दिवशी सूर्योदयाआधी मोजा. कदाचित ७.५ येईल. दोन्ही आकडे खरेच असतात.

दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. या वायूमुळे पाण्याला थोडी आम्लता असते. तो कमी झाला की सामू चढतो. रात्री फक्त श्वसन चालू राहतं, वायू पुन्हा साठतो आणि सामू उतरतो. सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये मांडलेल्या या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक.

या चढउताराचा खरा धोका अमोनियातून येतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया सतत पाण्यात येत असतो. त्याची दोन रूपं असतात: बऱ्यापैकी निरुपद्रवी अमोनियम आणि विषारी मुक्त अमोनिया. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या एक टक्काही नसतो, ८ ला तो सुमारे ५ टक्के होतो आणि ९ ला ३५ टक्क्यांच्या आसपास जातो. पाणी तपासायचे बहुतेक किट एकूण अमोनियाच दाखवतात. म्हणून सकाळी निर्धोक वाटणारा आकडा दुपारी माशांच्या जिवावर बेतू शकतो.

तळ्यातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे काढून दाखवले. नव्या तळ्यात त्यांची वस्ती जमायला काही आठवडे लागतात, तोवर मासे थोडे आणि खाद्य बेताचं ठेवावं. मधला नायट्राइटही वाईटच: तो माशांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद हिरावतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं.

आता सगळ्यात दुर्लक्षित चाचणी: क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे असते. हे बायकार्बोनेट सामूचे झोके आवरून धरतात, पण जिवाणूंच्या कामात ते खर्च होत जातात. अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता संपते. पावसाचं पाणी ती आणखी पातळ करतं. क्षारता संपली की सामू एकाएकी कोसळतो आणि जिवाणूंचं कामही मंदावतं. माझ्या मते पैसे एकाच किटपुरते असतील तर ते याच किटवर खर्च करावेत.

उपाय साधा आहे. १,००० लिटर पाण्यात सुमारे ८५ ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की क्षारता लिटरमागे ५० मिलिग्रॅमने वाढते. तो बादलीत विरघळवून, दोन-तीन दिवसांत विभागून घालावा. मात्र अमोनिया दिसत असेल तर सोडा थांबवा. सामू थोडा जरी चढला तरी विष वाढेल. आधी खाद्य बंद करा आणि पाव भाग पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते आधी सोडियम थायोसल्फेटने घालवा, नाहीतर माशांसोबत जिवाणूही मरतील.