शरणपूरचे आफ्रिकी ख्रिस्ती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाशिकजवळील शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीत शिकून पूर्व आफ्रिकेतील मिशनऱ्यांच्या मदतीसाठी समुद्रापार गेलेला मुक्त गुलामांचा समुदाय. इंग्रजी लेखनात त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’ किंवा ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ असा येतो. या दोन संज्ञा समानार्थी मानण्याची रीत आहे. परंतु दुसरी संज्ञा व्यापक असून तीत मुंबईतील इतर मिशनांच्या शाळांत वाढलेले आफ्रिकीही मोडतात. कोकणातील जंजिऱ्याच्या सिद्दींशी या समुदायाचा संबंध नाही. सिद्दी कित्येक शतके आधी येथे आले व सत्ताधारी झाले, तर शरणपूरचे आफ्रिकी हे ब्रिटिश आरमाराने अरबी गलबतांवरून सोडवलेली मुले होत.

चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने नाशिकमध्ये १८३२ च्या सुमारास काम सुरू केले. गावात राहून धर्मांतर केलेल्यांना घर, पाणी आणि धंदा या तिन्ही बाबतींत अडचण येई. त्यावर उपाय म्हणून विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकच्या पश्चिमेस सुमारे मैलभर अंतरावर स्वतंत्र वसाहत वसवली. तिचे नाव ‘शरण’ आणि ‘पूर’ या शब्दांवरून, आश्रयाचे गाव या अर्थाने, पडले. वसाहतीच्या स्थापनेचे वर्ष सर्वसाधारणपणे १८५४ मानले जाते. तेथील आफ्रिकी आश्रमाच्या प्रारंभाविषयी मात्र एकमत नाही. काही लेखक वसाहतीचेच वर्ष आश्रमालाही लावतात, तर काही १८६० हे वर्ष देतात. हा फरक बहुधा ‘आश्रम’ या शब्दाच्या अर्थामुळे पडला असावा. मुंबईत उतरवलेली आफ्रिकी मुले पोलीस आयुक्तांमार्फत घरोघर व मिशनांकडे सोपवली जात, आणि त्यांपैकी काही स्वतंत्र संस्था उभी राहण्यापूर्वीच मिशनऱ्यांच्या सांभाळात आली होती. पूर्वी इथिओपियात काम केलेले जर्मन मिशनरी कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग यांनी मुंबईत या मुलांकडे लक्ष पुरवले; पुढे त्यांच्या मुलाचाही शरणपूरच्या कामाशी निकट संबंध आला. या क्रमाचा विचार करता वसाहतीसाठी १८५४ आणि स्वतंत्र आफ्रिकी विभागासाठी १८६० च्या आसपासचा काळ धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

मुले निरनिराळ्या समाजांतली होती. त्यांत न्यासा सरोवराकडील याओ जमातीच्या मुलांप्रमाणेच इथिओपियाकडील ओरोमो जमातीची काही मुलेही होती, आणि एकमेकांची भाषा त्यांना येत असेच असे नाही. शरणपुरात मराठी, हिंदुस्थानी व इंग्रजी या भाषा त्यांच्या व्यवहाराच्या झाल्या. शास्त्रवाचन, लेखन व गणित यांबरोबर सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम आणि शेती शिकवली जाई. बाप्तिस्म्यानंतरची त्यांची आडनावे लक्षणीय आहेत. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फॅरार यांच्या नावांतून नाशिक मिशनशी संबंधित मिशनऱ्यांची आडनावेच पुढे चालली, आणि जन्मनावे बहुतेकांच्या बाबतीत मागे पडली. मुलींविषयीच्या नोंदी त्रोटक आहेत. आश्रमातील तरुणांशी त्यांचे विवाह झाले आणि पतीबरोबर त्याही आफ्रिकेस गेल्या, एवढे त्यांवरून दिसते.

बाहेर जाणारी पहिली महत्त्वाची तुकडी आजच्या केनियातील मोंबासा बंदराजवळील राबाई येथे गेली. तेथे योहान लुटविख क्राप्फ यांनी १८४४ नंतर काम उभारले होते आणि त्यांच्यानंतर योहानेस रेबमान जवळजवळ एकाकी राहिले होते. १८६४ च्या सुमारास विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे शरणपूरचे तरुण त्यांच्या साहाय्यासाठी रवाना झाले. या प्रवासाला ‘परत जाणे’ म्हणण्याची प्रथा पडली आहे, पण ते शब्दशः खरे नाही. मोंबासा हे त्यांपैकी बहुतेकांचे गाव नव्हते, किनाऱ्यावरची स्वाहिली त्यांना नव्याने शिकावी लागली, आणि स्थानिक लोकांच्या दृष्टीने ते हिंदुस्थानातून आलेले इंग्रजी शिकलेले परके होते.

या समुदायाची ख्याती प्रामुख्याने स्कॉटिश मिशनरी व प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या आफ्रिकेतील शेवटच्या सफरीमुळे झाली. लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईस आले तेव्हा त्यांनी नाशिकच्या शाळेतून नऊ तरुण निवडले. १८६६ च्या आरंभी निघालेल्या ३६ जणांच्या तांड्यात हे नऊ जण, मुंबईच्या पलटणीतील १३ शिपाई, कोमोरो बेटांपैकी जोहाना येथील १० जण, झांबेझीकाठच्या शुपांगाचे दोघे आणि दोन याओ तरुण होते. प्रवासात शिपाई परत पाठवले गेले, जोहानाचे लोक पळाले, आणि नऊ नाशिककरांपैकी एडवर्ड गार्डनर व नॅथॅनिएल कुंबा उर्फ मबरुकी हे दोघेच अखेरपर्यंत टिकले. १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्याकडे पोहोचलेल्या दुसऱ्या तुकडीत जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, कॅरस फॅरार, मॅथ्यू वेलिंग्टन इत्यादी नाशिकचे होते.

येथे एका रूढ गैरसमजाची दखल घेणे आवश्यक आहे. लिव्हिंग्स्टन यांचे विश्वासू सोबती म्हणून प्रसिद्ध असलेले चुमा व सुसी हे नाशिकचे असल्याचे स्थानिक लेखनात पुष्कळदा सांगितले जाते. सुसी शुपांगाचा होता. चुमा हा १८६१ मध्ये लिव्हिंग्स्टन व बिशप मॅकेन्झी यांनी सोडवलेला याओ मुलगा होता, आणि मुंबईतील त्याचे शिक्षण जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. हा गोंधळ होण्याचे कारण छापील साधनांत आहे. लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीचे संपादक होरेस वॉलर यांनी शेवटच्या महिन्यांचे कथन मुख्यतः चुमा व सुसी यांच्या तोंडून घेतले, आणि त्यामुळे नाशिककरांचा वाटा त्या ग्रंथात दुय्यम राहिला.

वस्तुतः हा वाटा मोठा होता. लिव्हिंग्स्टन यांचा मृत्यू आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी झाला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील त्यांच्या समाधीशिलेवर १ मे १८७३ ही तारीख आहे, तर जेकब वेनराइट याने जवळच्या झाडावर कोरलेल्या लेखात ४ मे आहे. अभ्यासक सामान्यतः पहिली तारीख स्वीकारतात. कोरीव तारीख मृत्यूची नसून त्यानंतरच्या विधींच्या दिवसांतील असण्याचा संभव आहे. हृदय त्या झाडाखाली पुरताना प्रार्थनापाठ वेनराइटनेच वाचला. पार्थिव वाळवून, गुंडाळून तांडा फेब्रुवारी १८७४ मध्ये आजच्या टांझानियातील बागामोयोच्या किनाऱ्यास पोहोचला. वेनराइटच्या इंग्लंडपर्यंतच्या प्रवासाचा खर्च चर्च मिशनरी सोसायटीने केला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाच्या वेळी शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. चुमा व सुसी दफनानंतर पोहोचले.

लिव्हिंग्स्टन यांच्याशी असलेल्या या संबंधामुळे नाशिककरांकडे ‘निष्ठावंत नोकर’ म्हणून पाहिले गेले. ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) इतिहासाच्या दृष्टीने मात्र मोंबासाचे काम अधिक मोलाचे आहे. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी झांजीबारच्या सुलतानाशी केलेल्या वाटाघाटींनंतर १८७३ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली, आणि सोडवलेल्यांसाठी किनाऱ्यावरच वसाहत हवी, हा विचार बळावला. तिचा नमुना म्हणून शरणपूर समोर होते. प्राइस १८७४ मध्ये मोंबासास गेले आणि खाडीपलीकडे फ्रिअरटाऊन उभे राहिले. हिंदुस्थानातून आलेल्या सुमारे दीडशे आफ्रिकींमुळे तेथे पहिल्या दिवसापासून सुतार, लोहार, शिक्षक, दुभाषे व उपदेशक उपलब्ध झाले. गलबतांवरून उतरवलेल्या नव्या लोकांची भीती हीच माणसे ओळखू शकत. त्यांच्या जाण्याने शरणपूरचा आफ्रिकी आश्रम संपुष्टात आला.

राबाईत जॉर्ज डेव्हिड व नंतर जोन्स यांनी पळून आलेल्या गुलामांना थारा दिला. मालकांच्या रोषामुळे मिशन अडचणीत आले. अखेर १८८८–८९ मध्ये इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे प्रतिनिधी जॉर्ज मॅकेन्झी यांनी मोबदला देऊन चौदाशेहून अधिक लोकांची सुटका करून घेतली. जोन्स व सेम्लर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी डीकन (धर्मगुरुपदाची पहिली पायरी) म्हणून दीक्षा दिली. त्याच वर्षी आजच्या युगांडातील बुसोगात हॅनिंग्टन मारले गेले, तेव्हा मागे ठेवलेला तांडा जोन्स यांनी किनाऱ्यावर सुखरूप आणला. तरीही युरोपीय मिशनऱ्यांशी वेतन व दर्जा यांवरून त्यांचे वारंवार खटके उडाले, आणि शिकलेल्यांपैकी अनेक जण मिशन सोडून इतर नोकऱ्यांत गेले. पुढील काळातील इतिहासकार या संघर्षाकडे पूर्व आफ्रिकेतील स्वतंत्र मंडळीच्या मागणीचा आरंभ म्हणून पाहतात. तत्कालीन मिशन-पत्रव्यवहारात दिसणाऱ्या ‘उद्धटपणा’च्या तक्रारीपेक्षा हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य आहे.

मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत हयात होता. फ्रिअरटाऊनची घंटा जेथे टांगलेली आहे त्या जागेला स्वाहिलीत ‘केंगेलेनी’ म्हणजे घंटेपाशी असे म्हणतात. नाशिकमध्ये मूळ वसाहतीची जागा आता शहराच्या मध्यात आली असून शरणपूर रोड या रस्त्याच्या नावात ते नाव टिकून आहे. अँग्लिकन मंडळी १९७० पासून उत्तर भारतीय मंडळीत समाविष्ट आहे.