लांब पल्ल्याचं सिम्युलेटर उड्डाण

घरच्या पीसीवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये साधारण सहा तासांपेक्षा जास्त वेळाचं उड्डाण गेटपासून गेटपर्यंत पूर्ण करणं, आणि त्यासाठी इंधन, मार्ग, उंची, वारा, मशीन आणि स्वतःची झोप या सगळ्याचा मेळ घालणं, याला सिमवाले लॉंग हॉल म्हणतात. मुंबई ते लंडन हे आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण, सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आणि वेळ साधारण साडेनऊ तास. विमान ऑटोपायलटवर असतं मग करायचं काय, असं बाहेरचा माणूस विचारतो. एवढ्या तासांत हात लावायचे प्रसंग खरंच मोजके असतात, पण ते कधी येणार हे आधीच ठरवता आलं पाहिजे आणि त्या वेळी माणूस खुर्चीत पाहिजे, आणि या प्रकारातलं जवळपास सगळं कौशल्य त्या ठरवण्यातच आहे.

उगम : ही पद्धत कधी सुरू झाली यावर एकमत नाही. काहीजण सुरुवात अगदी मुळापासून धरतात, म्हणजे ब्रूस आर्टविकचा ऍपल टू वरचा एफएस-१ (१९७९-८० च्या सुमारास) आणि त्यानंतर १९८२ साली आयबीएम पीसीवर आलेलं मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. पण त्यात शिकागोच्या मेग्ज फील्डवरून उडणारं एक छोटं सेसना आणि अमेरिकेतले मोजके भाग होते, लांब जायला जागाच नव्हती, त्यामुळे हे मत फार ताणलेलं वाटतं. दुसरं मत १९९० च्या आसपास सबलॉजिक कंपनीने काढलेल्या एअरलाइन पायलटवाल्या प्रोग्रॅमकडे बोट दाखवतं, त्यात मोठी जेट होती, पण उड्डाणं अमेरिकेतल्या अमेरिकेतच. तिसरं आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं मत म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर २०००, जो १९९९ च्या शेवटी आला, वीस हजारांवर विमानतळ, अख्खं जग, आणि सोबत ७७७-३०० आणि कॉन्कॉर्ड.

एक चौथा धागा मात्र या चर्चेत अनेकदा राहून जातो. १९९० च्या दशकात हार्डी हाइनलिन यांचा एरोविंक्स पीएस-१ हा ७४७-४०० चा सिम्युलेटर डॉसवर चालत होता. त्यात बाहेरचं दृश्य जवळपास नाहीच, फक्त कॉकपिटची पॅनेलं, पण एफएमसी (मार्ग आणि उड्डाणाचं गणित सांभाळणारा विमानातला संगणक), इंधनाच्या टाक्या, इंजिनांचा खप, वजनाप्रमाणे बदलणारी उंची हे सगळं मन लावून केलेलं. लांब पल्ल्यात खिडकीतून दिसतं तरी काय, रात्र, ढग आणि समुद्र, खरं काम तर आकड्यांवर चालतं, म्हणून डोंगर-विमानतळ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा या पॅनेलवाल्या परंपरेतून लॉंग हॉल आला असं धरणं जास्त पटतं. पुढे सिमसाठी विमानं बनवणाऱ्या पीएमडीजी कंपनीचं ७४७-४०० (२००५ च्या सुमारास) आणि मग मायक्रोसॉफ्टच्या एफएसएक्ससाठी (फ्लाइट सिम्युलेटर एक्स) २०१३ साली आलेलं ७७७ यांनी या दोन्ही वाटा एकत्र आणल्या, आणि आज बहुतेकजण जे करतात त्याचा साचा तिथे पडला. मायक्रोसॉफ्टचा २०२० चा सिम्युलेटर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आला, त्यावर पीएमडीजी ७७७ यायला २०२४ उजाडलं, फ्लायबायवायर या गटाचं ए३८० पण त्याच वर्षी, आणि ते फुकट.

मेमरीचा प्रश्न : जुन्या लोकांच्या बोलण्यात हा विषय हमखास येतो आणि त्याला कारण आहे. २००६ चा एफएसएक्स ३२ बिटचा प्रोग्रॅम होता, म्हणजे पीसीत १६ जीबी रॅम असली तरी त्या प्रोग्रॅमला पत्ते देता येणारी जागा ४ जीबीच्या वर नाही. उड्डाण जसं पुढे सरकतं तसतसं टेक्श्चर, विमानतळांची सीनरी, हवामान जमा होत जातं, सगळं परत रिकामं होत नाही, आणि नऊ तास सुरळीत गेल्यावर हीथ्रोसारख्या जड सीनरीच्या ठिकाणी उतरताना, नेमकं फायनल अप्रोचवर (धावपट्टीकडच्या शेवटच्या टप्प्यात), सिम बंद पडायचा. म्हणजे लांब उड्डाणाचा शेवटच सगळ्यात धोक्याचा. लोक त्यावर पीट डाउसनच्या एफएसयूआयपीसी या जोड-प्रोग्रॅममधून उरलेली जागा बघत बसायचे, डिसेंटच्या (क्रूझ सोडून खाली उतरण्याच्या) आधी सेव्ह करून सिम नव्याने चालू करायचे, वाटेवरच्या देशांची सीनरी आधीच बंद करून ठेवायचे. एक्स-प्लेन १० हा दुसरा सिम्युलेटर ६४ बिटचा झाला, २०१७ मध्ये प्रीपेअर्ड (Prepar3D) या आणखी एका सिम्युलेटरची चौथी आवृत्ती ६४ बिटची आली आणि हा प्रश्न मुळातच संपला, तरी डिसेंटच्या आधी सेव्ह करायची सवय जुन्या लोकांची आजही सुटलेली नाही, आणि ती सवय चांगलीच आहे.

इंधन आणि उंची : प्लॅन बहुतेकजण सिमब्रीफ या वेबसाइटवर काढतात, नॅव्हिग्राफचा हवाई मार्गांचा डेटा दर २८ दिवसांनी बदलणाऱ्या एअरॅक सायकलप्रमाणे अपडेट करतात. इंधनाचे भाग खऱ्यासारखेच, टॅक्सी, ट्रिप, त्याच्या साधारण ५ टक्के कंटिन्जन्सी (अनपेक्षित खपासाठी), पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि शेवटचं राखीव म्हणजे १,५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं. ७७७-३००ईआर क्रूझमध्ये (उंची गाठल्यावरच्या सरळ उड्डाणात) तासाला साधारण सात-आठ टन जाळतं, म्हणजे लंडनपर्यंत सत्तर टनांच्या आसपास. इथे नवशिके दोन टोकं गाठतात, एक तर टाक्या पूर्ण भरतात (याच्यात सुमारे १४५ टन मावतात) आणि मग विमान इतकं जड होतं की लंडनला उतरताना कमाल लँडिंग वजनाच्या वर जातं, किंवा अगदी काटेकोर भरतात आणि समोरचा वारा प्लॅनपेक्षा जास्त निघाला की तुर्कस्तानच्या वर घाम फुटतो. लांब उड्डाणात इंधन वाहायलाही इंधन लागतं, म्हणून जास्तीचं भरणं ही सुरक्षितता नव्हे.

उंचीचं तसंच. विमान जड असताना ३८,००० फुटांवर नेलं तर तिथली विरळ हवा त्याला नीट उचलू शकत नाही, स्टॉलचा वेग आणि कमाल वेग यांच्यातली फट अरुंद होते, जराशी टर्ब्युलन्स आली की वेग घसरतो आणि ऑटोथ्रॉटल पूर्ण जोर लावूनही तो परत येत नाही. म्हणून सुरुवातीला ३२,००० किंवा ३४,००० आणि इंधन जळून वजन उतरेल तसं दोन-दोन हजारांनी वर, याला स्टेप क्लाइंब म्हणतात. दोन हजारच का, तर पश्चिमेकडे जाणाऱ्यांना साधारणपणे सम आणि पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजारांच्या उंच्या (फ्लाइट लेव्हल) मिळतात आणि २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात एक हजारचं अंतर चालतं. ही आरव्हीएसएमची (दोन विमानांमधलं उभं अंतर कमी ठेवायची) पद्धत उत्तर अटलांटिकवर १९९७ मध्ये सुरू झाली, युरोपात जानेवारी २००२, आपल्याकडे नोव्हेंबर २००३, त्यामुळे त्याआधीचा जुना रूट हौसेने उडवायचा असेल तर पायऱ्या चार-चार हजारांच्या घ्याव्या लागतात. हे स्टेप क्लाइंब झोपेत येतात हीच खरी अडचण. काहीजण पहिल्यापासूनच मधली उंची धरून झोपतात, थोडं इंधन जास्त जातं पण विमान सुखरूप राहतं, आणि नोकरी करणाऱ्या माणसासाठी हा मार्ग चुकीचा म्हणता येणार नाही.

वेळ पळवणं : यावर दोन तट आहेत. एक म्हणतो नऊ तास म्हणजे नऊ तासच, दुसरा ४ पट, ८ पट, १६ पट करून संध्याकाळीच पोचतो. तांत्रिक बाजू समजून घेतली तर भांडण अर्धं मिटतं. विमानाचं गणित फ्रेमला बांधलेलं असेल आणि सेकंदाला ३० फ्रेम मिळत असतील, तर ऑटोपायलट सेकंदाला तीस वेळा चूक दुरुस्त करतो. १६ पट केलं की दोन दुरुस्त्यांमध्ये सिमच्या जगातला अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ जातो, तेवढ्यात ताशी ९०० किलोमीटरने जाणारं विमान सव्वाशे-दीडशे मीटर पुढे सरकलेलं असतं, मग ते डावी-उजवीकडे डुलायला लागतं, वेपॉइंटवरचं (मार्गातल्या ठरलेल्या बिंदूवरचं) वळण लांबून घेतं, एफएसएक्समध्ये तर वारा एकदम फिरला की ओव्हरस्पीडच. म्हणून सरळ रेषेत, हवा शांत असताना ४ पट ठीक, वळणाच्या आणि स्टेप क्लाइंबच्या आधी १ वर परत, असा बहुतेक अनुभवी लोकांचा रिवाज दिसतो. ऑनलाइन नेटवर्कवर मात्र सगळे एकाच आकाशात आणि एकाच घड्याळावर असतात, तिथे हे करू नये. व्हॅटसिमवर (२००१ पासूनचं असं एक नेटवर्क) अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ खुर्ची सोडून जाणंही नियमात बसत नाही, म्हणजे झोपायचं असेल तर डिस्कनेक्ट. वर्षातून दोनदा त्यांचं क्रॉस द पॉंड असतं, अटलांटिक ओलांडायचं, एअर ट्रॅफिक कंट्रोलरचं काम करणारी माणसं पूर्ण वेळ हजर, ज्याला लॉंग हॉलचं गांभीर्य अनुभवायचं त्याने एकदा तरी करावं.

खुर्ची सोडण्याआधी : रात्रभर विमान एकटं सोडताना बिघडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. एफएमसीत रूट मध्येच तुटलेला असला की विमान त्या बिंदूनंतर आहे त्या दिशेने जात राहतं. टॉप ऑफ डिसेंट (उतरायला सुरुवात करायचा बिंदू) आला तरी एमसीपीवरची (ऑटोपायलटच्या पॅनेलवरची) उंची खाली फिरवलेली नसेल तर बोइंग उतरत नाही, नुसता मेसेज देतं आणि क्रूझच्या उंचीवरच पुढे निघून जातं, म्हणून पीएमडीजीसारख्यांनी टॉप ऑफ डिसेंटला पॉज करायची सोय दिली आहे ती आठवणीने लावायची. मायक्रोसॉफ्टच्या ऍक्टिव्ह पॉजवर विसंबू नये, त्यात विमान जागेवर थांबतं पण सिस्टिम चालू राहतात. जुन्या जॉयस्टिकचा पोटेन्शिओमीटर (दांड्याची हालचाल मोजणारा भाग) थरथरला की ऑटोपायलट सुटू शकतो, तेव्हा क्रूझमध्ये जॉयस्टिकचे ऍक्सिस बंद. विंडोजचा स्लीप बंद, यूएसबीचं पॉवर सेव्हिंग बंद, अपडेटचे ऍक्टिव्ह अवर्स (ज्या वेळात विंडोज आपोआप रीस्टार्ट होत नाही) जास्तीत जास्त म्हणजे १८ तास, आणि ते आपल्या रात्रीला झाकतात ना हे बघायचं. मॉनिटर काळा दिसला म्हणून सकाळी घरचं कुणी पीसीचं बटण दाबतं, त्यांना आदल्या रात्री सांगून ठेवणं हे चेकलिस्टमध्येच धरावं.

नाशिकमध्ये : इथल्या माणसाला विमानांची ओळख सिममुळे होत नाही. ओझरला एचएएलचा कारखाना १९६४ पासून, आधी मिग आणि नंतर सुखोई-३०, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल, त्यामुळे आवाजावरून विमान ओळखणारी मुलं इथे पूर्वीपासून. सिममध्ये ओझर व्हीएओझेड या कोडने सापडतं, धावपट्टी सुमारे ३,००० मीटरची, आणि तिथून थेट परदेशी निघायचा मोह प्रत्येकाला होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची आणि मे महिन्यातली चाळीस डिग्रीची दुपार लावली की जड ७७७ ला तेवढी धावपट्टी पुरेल का हे टेकऑफचं गणित मांडूनच बघावं लागतं, आणि डेन्सिटी अल्टिट्यूड (उष्णतेने हवा विरळ झाल्यावर विमानाला जाणवणारी उंची) शिकायला घराजवळ याहून चांगली जागा नाही. बहुतेकजण तरीही मुंबईहूनच निघतात.

मोठा प्रश्न विजेचा. वळवाच्या पावसात आणि देखभालीच्या वारी लाइट जाते. घरचा १५० एएचचा १२ व्होल्टचा इन्व्हर्टर कागदावर १,८०० वॅट-तासांचा, सिम चालवणारा पीसी मॉनिटरसकट ४००-५०० वॅट घेतो, बाजूला पंखे-दिवे, म्हणजे प्रत्यक्षात दोन-अडीच तास धरावे. त्यातही साध्या मोडवर असलेला इन्व्हर्टर लाइट गेल्यावर जो क्षणभराचा उशीर लावतो तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो, म्हणून यूपीएस मोड किंवा मध्ये छोटा यूपीएस हवाच. हॉलमधला फायबरचा डबा आणि राउटर पण बॅकअपवर पाहिजे, नाहीतर पीसी चालू आणि सीनरी-हवामान बंद. ज्यांना हे जमत नाही त्यांनी दर अर्ध्या तासाला ऑटोसेव्ह लावावा, ते पुरतं.

वेळापत्रकात आपले साडेपाच तास उपयोगी पडतात. युरोपातले ऑनलाइन कार्यक्रम १८०० झुलूला (जागतिक वेळ, यूटीसी) असले तर इथे रात्रीचे साडेअकरा, कामावर जाणाऱ्याला ते फक्त शनिवारी परवडतं. रात्री जेवून लंडनला निघालं तर सकाळी सात वाजता तिथे मध्यरात्र असते, धावपट्टीचे दिवे सोडून काही दिसत नाही, सिमचं घड्याळ फिरवून दिवस करता येतो पण लाइव्ह हवामान रात्रीचंच राहतं. त्यापेक्षा पूर्वेला जावं. मुंबईहून रात्री अकराला टोकियोसाठी निघालं तर मागून वारा मिळून आठेक तासांत, आपल्या सकाळी सातच्या सुमारास, तिथल्या साडेदहाच्या स्वच्छ उजेडात अप्रोच मिळतो, स्टेप क्लाइंब एक किंवा दोनच पडतात, आणि गेटवर उरलेलं इंधन प्लॅनशी ताडून बघून आंघोळ उरकून वेळेवर कामाला जाता येतं.