‘पेअर शेप’ आला कुठून? ड्रेस आणि अंगकाठीच्या हिशेबाची पार्श्वभूमी

ऑनलाइन ड्रेस घ्यायला बसलं की साइज चार्टच्या शेजारी हल्ली आणखी एक तक्ता असतो. पाच बायकांच्या आकृत्या आणि त्यांखाली पाच नावं: पेअर (नितंब रुंद), अॅपल (पोट भरलेलं), अवरग्लास (कंबर बारीक), रेक्टँगल (वरखाली सरळ), इन्व्हर्टेड ट्रँगल (खांदे रुंद). मग सल्ले. पेअर असाल तर ए-लाइन (इंग्रजी ‘ए’सारखा खाली पसरत जाणारा घेर) घ्या, अॅपल असाल तर एम्पायर कट, रेक्टँगल असाल तर कंबरेला बेल्ट. हे सल्ले आता इतके अंगवळणी पडलेत की ते कुणी तरी, कधी तरी, काही कारणाने ठरवले असतील हे लक्षातच येत नाही. त्यांच्या मुळाशी एक मोठा बदल आहे. पूर्वी कपडा अंग बघून बेतला जायचा, नंतर तो अंग न बघता बेतला जाऊ लागला. ‘मला काय शोभेल?’ हा प्रश्न आजच्या रूपात त्यानंतर आला.

आधीची पद्धत बघू. युरोपात टेप सर्रास वापरात येण्यापूर्वी, म्हणजे साधारण अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, शिंपी कागदाची किंवा चामड्याची लांब पट्टी घेऊन गिऱ्हाइकाच्या अंगाला लावत आणि छाती, कंबर, बाही जिथे संपेल तिथे पट्टीवर खाच पाडत. प्रत्येक गिऱ्हाइकाची पट्टी वेगळी. तीवर आकडे नसत. आकडेच नाहीत म्हटल्यावर दोन बायकांची मापं एकमेकींशी ताडून बघण्याचा प्रश्नच येत नसे.

आपल्याकडे तर शिवणाचाच भाग थोडा होता. नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या आसपास सलग कापड. परकर नाही, नाडी नाही. कंबरेला गाठ मारायची, निऱ्या करून ओचा खोचायचा, काष्टा मागे घालायचा आणि उरेल तो पदर. सडपातळ बाईच्या निऱ्या जास्त पडतात, अंगाने भरलेलीच्या कमी, एवढाच फरक. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर तेच लुगडं चालतं, फक्त गाठ सैल किंवा घट्ट. वरची खणाची चोळीसुद्धा पुढे गाठ मारायची, त्यामुळे इंच-दीड इंच इकडेतिकडे सहज सांभाळलं जाई. कपडा रोज सकाळी अंगावरच नव्याने ‘फिट’ होत असे. या व्यवस्थेत देखणेपणाचे निकष नव्हते असं मुळीच नाही. पण निकष नेसण्याच्या सफाईचे होते. काष्टा सरळ आला का, निऱ्या एकसारख्या पडल्या का, हे बघितलं जाई.

युरोपातल्या उच्चभ्रू स्त्रियांच्या वाट्याला मात्र याच्या नेमकं उलट आलं. तिथे फॅशनने ठरवलेल्या आकारात शरीर बसवायचं होतं. कॉर्सेटने कंबर आवळायची, खाली कड्यांच्या सांगाड्याने घागऱ्याचा घेर फुगवायचा. आतली बाई कशीही असो, बाहेरचा आकार ठरलेला. नेपोलियनच्या काळात मध्येच थोडी मोकळीक मिळाली. छातीच्या लगेच खाली कंबररेषा आणि तिथून सरळ खाली सुटलेला झगा ही त्या काळाची ढब. आजचा ‘एम्पायर कट’ तोच. पोट झाकायला हा कट घ्या असा सल्ला आज मिळतो, पण तेव्हा त्यामागची प्रेरणा प्राचीन ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या वस्त्रांची होती. पुढे कॉर्सेट परत आलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॅरिसचे फॅशन डिझायनर पॉल प्वारे यांनी ते पुन्हा हटवलं.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटते ती फ्रेंच फॅशन डिझायनर मादलेन व्हियोने. १९१२ साली तिने पॅरिसमध्ये स्वतःचं दुकान काढलं आणि पुढे १९२०-३०च्या दशकांत क्रॉस कटाला पूर्णत्वाला नेलं. कापड हातात धरून बघा. उभ्या धाग्याच्या दिशेने ओढलं तर ते ताणत नाही, आडव्या धाग्याच्या दिशेनेही फारसं नाही. पण कोपऱ्यातून तिरकं, ४५ अंशांत ओढलं की तेच कापड लवतं आणि सोडलं की मागे येतं. व्हियोनेने गळपट्टी किंवा कडेपुरता नव्हे, तर अख्खा झगा असा तिरका बेतला. छोट्या लाकडी बाहुलीवर कापड टाकून ती आधी ते कसं पडतं हे बघे. तिचा झगा आतल्या कुठल्याही सांगाड्याशिवाय अंगावरून ओघळत जाई, फुगीर तिथे फुगीर, बारीक तिथे बारीक. आपल्याकडचे चांगले शिंपी ब्लाउजची कटोरी क्रॉसमध्ये कापतात ती याच गुणासाठी. शरीराचा आकार समजून घेऊन त्याला कापडाने उत्तर द्यायचं, ही पद्धत तिथून नीट शिकता येते.

पण व्हियोनेचे झगे मोजक्या बायकांसाठी होते. बहुसंख्य बायकांचे कपडे वेगळ्याच दिशेने निघाले होते. १८६३ मध्ये अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने वेगवेगळ्या मापांत कापलेले कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. मग तयार कपडे आले, टपालाने कॅटलॉगमधून कपडे मागवणं आलं. बाईला न बघता कपडा शिवायचा म्हटल्यावर कुठल्या बाईच्या मापाचा शिवायचा, हा प्रश्न उभा राहिला. प्रत्येक कंपनीचं उत्तर वेगळं होतं आणि न बसलेल्या कपड्यांचे गठ्ठे परत येत होते.

अखेर अमेरिकेच्या कृषी खात्याने मोजणी हाती घेतली. कृषी खात्याने, कारण गृहशास्त्राचा विभाग त्यांच्याकडे होता. १९३९-४० मध्ये रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली जवळजवळ १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली गेली आणि १९४१ साली अहवाल आला. काम कष्टाचं होतं, पण त्यात मोठी खोट राहिली. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं अंतिम हिशेबातून वगळली गेली. याच आकड्यांच्या आधाराने १९५८ मध्ये अमेरिकेने बायकांच्या कपड्यांच्या मापांचं अधिकृत मानक काढलं. ८ ते ३८ असे आकडे, शिवाय उंचीसाठी अक्षर आणि कंबरेखालच्या घेरासाठी अधिक-उणे खूण. म्हणजे एका आकड्यात बाई मावत नाही हे त्यांनाही कळलं होतं. पण एवढ्या प्रकारांचे कपडे शिवून दुकानात मांडणं कुणाला परवडणार? १९८३ मध्ये ते मानक मागे घेतलं गेलं आणि जो तो आपापले आकडे वापरू लागला. एका ब्रँडची ‘मीडियम’ दुसऱ्याच्या ‘लार्ज’शी जुळते ती त्यामुळेच.

सरासरी बाई म्हणजे काय, याचा एक प्रयोगच त्या काळात होऊन गेला. १९४३ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट डिकिन्सन आणि शिल्पकार एब्रम बेल्स्की यांनी हजारो तरुणींच्या मापांच्या सरासरीवरून ‘नॉर्मा’ नावाचा पुतळा घडवला. १९४५ साली क्लीव्हलँड शहरात स्पर्धा लागली: नॉर्माशी कुणाची मापं जुळतात? ३,८६४ जणींनी मापं पाठवली. नऊच्या नऊ मापांत सरासरीजवळ येणारी एकही निघाली नाही. नऊपैकी पाच मापं जुळणाऱ्याही चाळीसच्या आत होत्या. ट्रायल रूममध्ये ‘माझंच अंग वेडंवाकडं’ म्हणून हिरमुसणाऱ्या प्रत्येक मुलीला ही गोष्ट कुणी तरी सांगायला हवी.

आता ए-लाइनकडे येऊ. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिश्चन डिओर यांनी पॅरिसमध्ये पहिलं कलेक्शन मांडलं. युद्धाच्या टंचाईनंतर मीटरच्या मीटर कापडाचे घेर, आवळलेली कंबर आणि त्या प्रसिद्ध ‘बार’ जॅकेटमध्ये नितंबांवर भरलेलं पॅडिंग. वाळूच्या घड्याळाचा, म्हणजे अवरग्लासचा आकार विसाव्या शतकात पुन्हा सिंहासनावर बसला तो इथे. पुढे डिओर यांनीच हंगामागून हंगाम अक्षरं बदलली: १९५४ मध्ये एच, १९५५ च्या वसंतात ए, त्याच वर्षी पुढे वाय. ही अक्षरं कपड्याच्या बाह्यरेषेची होती. कुठल्या बाईने कुठलं घालावं असं त्यांत काही नव्हतं. ए-लाइन ‘खालून जड’ असलेल्यांसाठी, हा अर्थ तिला मागाहून चिकटला.

त्याच १९४७ साली फ्रान्समध्येच, मार्सेय शहरात, झां वाग या डॉक्टरांनी शरीरातल्या चरबीबद्दल एक मांडणी केली. काहींची चरबी धडावर, पोटाभोवती साठते, काहींची नितंब-मांड्यांवर, आणि आजारांच्या दृष्टीने पहिली जास्त घातक. हीच विभागणी पुढे वैद्यकीय बोलीत अॅपल आणि पेअर म्हणून रूढ झाली. आज हीच दोन नावं हृदयरोगाच्या माहितीपत्रकात दिसतात आणि कुर्तीच्या जाहिरातीतही.

रॅप ड्रेसची कथा मला आवडते, कारण त्यात आपल्या गाठीच्या चोळीसारखंच तत्त्व आहे. अमेरिकेत क्लेअर मॅकार्डेल यांनी १९४२ मध्ये घरकामासाठी गुंडाळून घालायचा ‘पॉपओव्हर’ ड्रेस काढला होता. १९७४ मध्ये डायान फॉन फर्स्टनबर्ग यांनी जर्सीच्या मऊ कापडात तो विचार ऑफिसला नेला. पुढून एकावर एक पदर आणि बाजूला गाठ. दोनच वर्षांत लाखो विकले गेले. ‘सगळ्या बॉडी शेपना शोभणारा’ अशी त्याची ख्याती आहे. ती खरी आहे, आणि कारण साधं आहे. कंबर कुठे आणि किती घट्ट, हे कपडा शिवणारा नव्हे, घालणारी ठरवते.

अंगकाठीचे प्रकार मापांच्या सूत्रात बांधण्याचं काम या शतकाच्या सुरुवातीला नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात झालं. अवरग्लास म्हणवून घ्यायला छाती आणि कंबर यांत किमान ९ इंचांचा किंवा नितंब आणि कंबर यांत किमान १० इंचांचा फरक हवा, अशा अटी संगणकात घातल्या गेल्या. सहा हजारांहून अधिक अमेरिकन बायकांची मापं त्यावर तपासली, तेव्हा ४६ टक्के रेक्टँगल निघाल्या आणि अवरग्लास फक्त ८ टक्के. म्हणजे दुकानातले बहुतेक ड्रेस ज्या आकारावर बेतलेले असतात, तो आकार शंभरात आठ जणींचा.

‘आडव्या पट्ट्यांनी जाडी दिसते’ या नियमाबद्दल इथेच लिहायला हवं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की एकाच मापाचे दोन चौरस काढून एकात आडव्या आणि दुसऱ्यात उभ्या रेघा भरल्या, तर आडव्या रेघांचा चौरस उंच दिसतो. बायकांच्या झग्यांना हे लागू पडतं, असंही त्यांनी तिथेच नोंदवलं. ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठातले पीटर थॉम्पसन यांनी या शतकात स्त्रियांच्या चित्रांवर ते पुन्हा तपासलं आणि आडव्या पट्ट्यांनी बाई रुंद दिसते या समजुतीला आधार मिळाला नाही. आवडत असतील तर आडव्या पट्ट्या खुशाल घ्या.

महाराष्ट्रात हा सगळा हिशेब उशिरा पोचला. आज देशभर दिसणाऱ्या गोल साडीच्या घडणीत मुंबईचा वाटा आहे. सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ साली मुंबईत आल्या, पारशी बायकांची नेसण उचलली, तिला परकर-ब्लाउजची जोड दिली आणि ती नेसण बंगालभर पसरली. मराठी घरांत सहावारी रूढ झाली ती विसाव्या शतकात, शाळा-कॉलेज आणि नोकरीच्या सोबतीने. साडी सैल राहिली, पण तिच्यासोबत शिवलेला ब्लाउज आला आणि अंगाचं माप त्यात बंदिस्त झालं. हे अवघड काम गल्लोगल्लीच्या शिंप्यांनी पेललं. छाती भरलेली असेल तर कटोरी, नाही तर साधे टक्स. खांदे उतरते असतील तर गळा फार रुंद नाही, नाही तर पट्टी घसरते. दंड जाड असतील तर मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, जास्त कापड. शिवाय शिवणीच्या आत इंच-दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडायची, म्हणजे दोन वर्षांनी उसवून वाढवता येतं. शिंपी कुणालाही पेअर किंवा अॅपल म्हणत नसे, तरी पाचही आकृत्या त्याला हाताने ठाऊक असत.

पुढे पंजाबी ड्रेस आला तोही आधी ‘मटेरियल’ म्हणून, शिवून घ्यायचा. तयार कुर्तीने मात्र शिंप्याचा डोळा मधून काढून टाकला आणि आपण परदेशी तक्त्यांच्या हवाली झालो. भारतीय अंगाचं स्वतःचं माप असावं म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन शिक्षणसंस्थेच्या ‘इंडियासाइज’ प्रकल्पाची घोषणा २०१८ मध्ये झाली: सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची थ्रीडी स्कॅनरने मोजणी.

कपडे घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. ते पाच आकृत्यांचे सल्ले मुख्यतः बंद घेराच्या पाश्चात्त्य ड्रेससाठी लिहिलेले आहेत, ज्यात छाती, कंबर आणि नितंब एकाच नळीत बसवावे लागतात. आपल्या सरळ कुर्तीला दोन्ही बाजूंनी कट असतात. ते कंबरेच्या जरा खालून सुरू होत असतील, तर नितंबांचं माप जवळजवळ हिशेबात येतच नाही. कुर्ती घेताना खांदे आणि मुंढा बसतो का तेवढं बघा, कारण ती दोन ठिकाणं नंतर दुरुस्त करणं कठीण असतं. कंबर सैल वाटली तर शिंपी दोन्ही बाजूंनी दाबून देतो. घट्ट होत असेल तर शिवण उलटी करून माया किती सोडली आहे ते बोटाने चाचपा. पाव इंचच असेल तर एक साइज मोठी घ्या.