सरळदर्शी वर्णपटदर्शक

प्रकाशाचा वर्णपट पाडून त्यातील रेषांची तरंगलांबी ठरविण्याचे, खिशात मावणारे नळीसारखे उपकरण. एका लोलकाने प्रकाश मूळ दिशेपासून बाजूला वळतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील वर्णपटमापकाला दोन भुजा व अंशांकित तबकडी लागते आणि ती जराशी हलली तरी मापन बिघडते. ही अडचण येथे लोलकांच्या जोडणीनेच दूर केलेली असते. क्राउन (प्रकाश कमी वळविणाऱ्या) काचेच्या दोन लोलकांमध्ये फ्लिंट (प्रकाश जास्त वळविणाऱ्या) काचेचा लोलक उलटा चिकटवितात. पिवळ्या प्रकाशाचे क्राउनमुळे झालेले विचलन फ्लिंट भरून काढते, पण फ्लिंटचे अपस्करण (रंग अलग पाडणे) जास्त असल्याने रंग मात्र अलग राहतात (अवर्णी भिंगात नेमके याच्या उलट, म्हणजे रंग न फाकता प्रकाश वळविणे, साधतात). फट (प्रकाश आत येण्याची अरुंद चीर), भिंग, लोलक व डोळा एका रेषेत आल्यामुळे केंद्रीकरणासाठी सरकणारी नळी आणि फटीची कड यांखेरीज हलते भाग बहुधा उरत नाहीत.

या जोडणीला इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता आमीची (१७८६–१८६३) यांचे नाव असले, तरी त्यांनी स्वतः तिच्याविषयी लेखन प्रसिद्ध केले नाही. त्यांचे मित्र, खगोलशास्त्रज्ञ दोनाती यांच्या ताऱ्यांच्या वर्णपटांवरील १८६२ च्या लेखनातून ती प्रथम सर्वांपुढे आली, असे सामान्यतः मानतात. त्यामुळे मूळ कल्पना १८६० च्या सुमाराची धरणे सुरक्षित वाटते.

लोलकाचा वर्णपट तांबड्या टोकाला आखडतो व जांभळ्याकडे पसरतो, म्हणून समान अंतरांची मोजपट्टी चालत नाही. हायड्रोजनच्या ६५६.३ व ४८६.१ आणि पाऱ्याच्या ५४६.१ नॅनोमीटर अशा ज्ञात रेषांवरून स्थान व तरंगलांबी यांचा वक्र काढावा लागतो. पाऱ्याची रेषा साध्या ट्यूबलाइटमध्येही दिसते. फटीच्या कडेवर धुळीचा कण बसला, की वर्णपटाच्या लांबीभर काळी रेघ उमटते. नवखा तिला शोषणरेषा (पदार्थाने ठरावीक तरंगलांबी शोषल्याने पडणारी काळी रेषा) समजतो. खरी शोषणरेषा फटीला समांतर असते.

पिवळ्या भागातील ५८७.६ नॅनोमीटरची रेषा सोडियमच्या ५८९.० व ५८९.६ पासून वेगळी आहे, हे ओळखण्यावर हीलियमचा शोध आधारलेला आहे. तो १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉक्यर यांनी विजयदुर्गावरून लावला, अशी कोकणात समजूत आहे. मात्र त्या ग्रहणाचे वेध फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झांसेन यांनी गुंटूरहून घेतले, तर लॉक्यर यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्येच, ग्रहणाविना, सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. लॉक्यर यांचा विजयदुर्गचा मुक्काम २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाचा असल्याने तेथील ‘साहेबाचे ओटे’ नावाचे चौथरे त्या मोहिमेशी जोडणे अधिक सयुक्तिक दिसते.

मापनासाठी आता विवर्तन जालक (अतिसूक्ष्म समांतर रेघांनी प्रकाशाचे रंग अलग पाडणारी पट्टी) व प्रकाशसंवेदी चकती असलेली हातभर लांबीचीही नसलेली यंत्रे वापरतात. रत्नपारखी मात्र माणकातील क्रोमियमच्या ६९४ नॅनोमीटरजवळच्या रेषांसाठी अद्याप ही नळीच डोळ्याला लावतात.